आधी पाटी वाचा, मग पायरी चढा

साधी साडी घ्यायची म्हटली तरी आपण बायका चार दुकानं फिरतो. पोत बघतो, काठ उलटून बघतो, रंग जाईल का म्हणून दहादा विचारतो. आणि आपलं इचलकरंजी तर कापडाचंच गाव! नुसतं बोटांत धरून कापडाची प्रत सांगणाऱ्या बाया इथं गल्लोगल्ली सापडतील. पण नको असताना दिवस गेले, की हीच चौकस बाई एकदम गप्प होते. कुणाला विचारायचं, कुठं जायचं, कोणता डॉक्टर खरा, काही कळत नाही. मग शेजारणीनं कानात सांगितलेला पत्ता, नाहीतर मेडिकलमधून कुणाकरवी तरी आणवलेली गोळी, यावर सगळा भार! जिथं जिवाचा प्रश्न आहे, तिथंच नेमकी चौकशी नाही.

बचत गटाच्या आणि आरोग्य शिबिरांच्या निमित्तानं मी वस्त्यांमधून फिरते. कांड्या भरणाऱ्या, गारमेंटमध्ये शिलाई करणाऱ्या, तशाच चांगल्या बंगल्यात राहणाऱ्या बायकाही भेटतात. बैठक संपते, सतरंजी गुंडाळली जाते आणि एखादी मागं रेंगाळते. ‘ताई, जरा बोलायचं होतं.’ कधी विषय तिचा स्वतःचा असतो, कधी जावेचा, कधी लग्न न झालेल्या पुतणीचा. पण प्रश्न मात्र ठरलेले. हा गुन्हा तर नाही ना? नवऱ्याची सही लागते का? कुणाला कळणार तर नाही? आणि शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा, कुठं जाऊ?

या चार प्रश्नांची उत्तरं एकदा नीट, मोकळेपणानं लिहावीत असं बरेच दिवस मनात होतं.

गुन्हा कशाला म्हणायचं?

मैत्रिणींनो, आपल्या देशात गर्भपाताचा कायदा १९७१ साली झाला. १ एप्रिल १९७२ पासून तो लागू आहे. त्याआधी बाईचा जीव वाचवण्याचं कारण सोडलं तर गर्भपात करणं हा गुन्हाच होता. त्यामुळं बायका सुईणीकडं, वैदूकडं जायच्या, काडी घालून घ्यायच्या आणि कितीतरी जणी त्यातच जायच्या. हे थांबावं म्हणून सरकारनं एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते आपल्याच महाराष्ट्राचे शांतिलाल शाह. त्या समितीच्या शिफारशींवरून हा कायदा आला.

कायदा काय म्हणतो? गरोदरपणामुळं बाईच्या जिवाला किंवा शरीराच्या, मनाच्या आरोग्याला धोका असेल, बाळात गंभीर व्यंग असेल, बलात्कारातून गर्भ राहिला असेल किंवा वापरलेलं गर्भनिरोधक फसलं असेल, तर गर्भपात करून घेता येतो. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत, पात्र डॉक्टरांचं मत पुरतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर काही बायकांसाठी ही मुदत २४ आठवडे झाली, पण त्यासाठी दोन डॉक्टरांचं मत लागतं. यात बलात्कारपीडित आहेत, अठरा वर्षांखालच्या मुली आहेत, अपंग स्त्रिया आहेत, गरोदरपणातच विधवा झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या आहेत. सरकारनं जाहीर केलेल्या आपत्तीत सापडलेल्या बायकासुद्धा आहेत. २०१९ चा आणि २०२१ चा महापूर बघितलेल्या आपल्या भागाला हे शेवटचं कलम का आहे ते वेगळं सांगायला नको. २४ आठवड्यांनंतर मात्र बाळात मोठं व्यंग असेल, तरच तज्ज्ञांच्या वैद्यकीय मंडळाकडं जावं लागतं.

लग्न न झालेल्या मुलींचं काय? पूर्वी कायद्यात ‘विवाहित स्त्री आणि तिचा पती’ असे शब्द होते. आता तिथं ‘स्त्री आणि तिचा जोडीदार’ असं आहे. सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात स्पष्टच सांगितलं, की लग्न झालंय की नाही यावरून बाईबाईत भेद करता येणार नाही.

मग भीती कुठून आली?

याचं उत्तर आपल्या जिल्ह्यातच आहे. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली होत्या फक्त ८३९. शाहू महाराजांच्या जिल्ह्याला मान खाली घालायला लावणारा तो आकडा. मग कारवाई सुरू झाली. तेव्हाचे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या काळात सोनोग्राफी मशीनला ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचं यंत्र बसवण्याचा प्रयोग इथंच झाला. २०११ ला आकडा ८६३ वर आला. ते सगळं गरजेचंच होतं. पण होतं काय, की भिंतीभिंतीवर ‘भ्रूणहत्या पाप आहे’ वाचून वाचून बायकांच्या डोक्यात गर्भपात म्हणजेच गुन्हा असं पक्कं बसलं.

खरं तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोटात मुलगा आहे की मुलगी हे विचारणं, सांगणं आणि मुलगी आहे म्हणून गर्भ पाडणं हा गुन्हा. त्याचा कायदा १९९४ चा, वेगळा. त्यात डॉक्टरला तर शिक्षा आहेच, पण तपासणीसाठी बळजबरी करणाऱ्या नवऱ्याला आणि सासरच्यांनाही आहे. पण तांबी असूनही दिवस राहिलेल्या, दोन लेकरांवर तिसरं झेपत नसलेल्या, अंगात रक्त नसलेल्या बाईनं कायद्यात राहून गर्भपात करून घेणं हा गुन्हा नाही. ‘मुलगी वाचवा’ म्हणताना मुलीच्या आईचा जीवही वाचला पाहिजे ना?

मार्च २०१७ ची म्हैसाळची बातमी आठवत असेल. मिरज तालुक्यातलं हे गाव आपल्यापासून किती लांब? तिथल्या एका दवाखान्यात गर्भपात करताना एका तरुण विवाहितेचा मृत्यू झाला. चौकशी करता करता ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. ज्या डॉक्टरवर गुन्हा दाखल झाला, त्याच्याकडं पदवी होती होमिओपॅथीची. गर्भपात करायचा कायदेशीर अधिकार होमिओपॅथीच्या डॉक्टरला नाही, हे त्या पायऱ्या चढणाऱ्या किती जणींना माहीत असेल? आणि माहीत असतं, तरी आतल्या खोलीत जाऊन विचारायची हिंमत आणि मुभा किती जणींना होती?

या घटनेनंतर दुसरंही टोक दिसलं. कटकट नको म्हणून काही चांगले डॉक्टरसुद्धा हात झटकायला लागले. ‘आम्ही ते करत नाही, दुसरीकडं बघा.’ पण दुसरीकडं म्हणजे कुठं, हे काही कुणी सांगत नाही. मग बाई पुन्हा त्या कानात सांगितलेल्या पत्त्याकडंच वळते.

सही कुणाची?

अठरा वर्षांवरच्या बाईची फक्त तिची स्वतःची सही लागते. नवऱ्याची नाही, सासूची नाही, बापाची नाही. हे वाक्य कात्रण काढून ठेवा! आमच्या गटातल्या एका बाईला एका दवाखान्यातून ‘मालकाला घेऊन या’ म्हणून दोनदा परत पाठवलं. मालक दारू पिऊन पडलेला, तो कुठला येतोय? त्यात तिचे तीन आठवडे गेले. गोळ्यांनी झालं असतं, तिथं ॲडमिट व्हायची वेळ आली. बरोबर कुणी माणूस असावं हे चांगलंच. जाऊबाई असू दे, मैत्रीण असू दे, नवरा समजूतदार असेल तर नवराच असू दे. पण ती आधाराची गोष्ट झाली, कायद्याची अट नव्हे.

अठरा वर्षांखालच्या मुलीसाठी आणि मानसिक आजार असलेल्या बाईसाठी मात्र पालकाची लेखी संमती लागते. मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सो कायद्याखाली डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं. याच भीतीनं कितीतरी आया मुलीला आडमार्गानं नेतात. पण २०२२ च्या त्याच निकालात न्यायालयानं सांगितलंय, की मुलीनं आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरांनी त्या कळवण्यात मुलीचं नाव उघड करायची गरज नाही. तेव्हा पोरीला मारझोड करून आठवडे घालवू नका. सरळ मोठ्या दवाखान्यात न्या.

कुणाला कळेल का, या प्रश्नाचंही उत्तर कायद्यातच आहे. बाईचं नाव आणि माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. कायद्यानं अधिकार दिलेली व्यक्ती सोडून दुसऱ्या कुणाला ती सांगितली, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

कुठं जायचं?

सरकारी रुग्णालयाला वेगळ्या मान्यतेची गरज नसते. आपल्या गावात इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय आहे, आपण सगळे त्याला आयजीएम म्हणतो. अवघड केस असेल, आठवडे जास्त झाले असतील, तर कोल्हापूरचं सीपीआर आहे, मिरज आणि सांगलीची सरकारी रुग्णालयं आहेत. खर्च नाही किंवा अगदी नाममात्र. ‘सरकारी दवाखान्यात ओळखीचं कुणीतरी भेटतं’ ही बायकांची तक्रार मला मान्य आहे. पण ओळखीचं माणूस भेटेल म्हणून अनोळखी माणसाच्या हातात जीव देणं हे काही शहाणपणाचं नाही. कोल्हापूरला एसटीनं गेलं तर तेवढी ओळखही टळते.

खासगीत जायचं असेल तर दवाखान्याला जिल्हा समितीची मान्यता लागते. त्या मान्यतेचं प्रमाणपत्र, ज्याला ‘फॉर्म बी’ म्हणतात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं लावलं पाहिजे असा नियमच आहे. तेव्हा पहिल्यांदा भिंतीकडं बघा. किती आठवड्यांपर्यंतची मान्यता आहे, तेही वाचा. कारण १२ आठवड्यांपर्यंतची मान्यता वेगळी आणि त्यापुढची वेगळी. सोनोग्राफी असेल तर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटीही हवी. मान्यता नसलेल्या ठिकाणी गर्भपात करणाऱ्याला आणि त्या जागेच्या मालकाला दोन ते सात वर्षांची सक्तमजुरी आहे. सुरुवातीच्या गोळ्या मात्र पात्र डॉक्टर आपल्या साध्या क्लिनिकमधूनही लिहून देऊ शकतात. पण त्यांची कुठल्या तरी मान्यताप्राप्त दवाखान्याशी जोड असली पाहिजे आणि तसं प्रमाणपत्र तिथं लावलेलं असलं पाहिजे.

आत गेल्यावर या गोष्टी विचारा. विचारताना लाजायचं काही कारण नाही:

• करणार कोण? डॉक्टर ॲलोपॅथीचे, स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा गर्भपाताचं प्रशिक्षण घेतलेले आहेत का? कंपाउंडर किंवा नर्सबाई ‘मीच करते’ म्हणत असेल तर उठून या.

• कोणत्या पद्धतीनं? सुरुवातीच्या तीन महिन्यांत पिशवी साफ करायची तर व्हॅक्यूमनं, म्हणजे ओढून घेऊन करणं जास्त सुरक्षित. जुन्या पद्धतीनं खरवडून, ज्याला आपण क्युरेटिंग म्हणतो, ते करू नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

• सगळा मिळून खर्च किती? पावती मिळेल का? ‘पावती नाही, नावनोंदणी नाही, पैसे रोख’ असं ऐकलं की सावध व्हा. नोंद न ठेवणारा माणूस आपली अब्रू वाचवत नसतो, स्वतःची मान वाचवत असतो.

• रात्री त्रास झाला तर कुणाला फोन करायचा? रक्त लागलं तर सोय कुठं?

• माझा रक्तगट निगेटिव्ह असेल तर इंजेक्शन लागेल का?

• परत दाखवायला कधी यायचं?

आणि एक. ‘ऑपरेशन करून घेणार असाल तरच मोकळं करतो’ अशी अट कुणी घालत असेल तर ती कायद्यात नाही. पुढं काय वापरायचं याचा सल्ला जरूर घ्यावा, पण निर्णय तुमचा.

गोळ्यांचं खरंखोटं

२०१५ साली भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यातले जवळपास तीन चतुर्थांश दवाखान्याच्या बाहेर, गोळ्या घेऊन. म्हणजे आपण बोलत नसलो, तरी घराघरांत हे चाललेलंच आहे.

गोळ्या वाईट नाहीत. वेळेत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतल्या तर हा सुरक्षित मार्ग आहे. दोन प्रकारच्या गोळ्या असतात, मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल, ठराविक अंतरानं घ्यायच्या. त्या नऊ आठवड्यांपर्यंतच देतात आणि चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी नाही. मग मेडिकलमधून परस्पर का घ्यायच्या नाहीत? एक म्हणजे आठवडे चुकीचे मोजले जातात. शेवटची पाळी ज्या दिवशी आली, त्या पहिल्या दिवसापासून मोजायचं असतं. पाळी चुकून आठवडा झाला की आपण म्हणतो ‘आठच दिवस झालेत’. डॉक्टरांच्या हिशेबानं तोवर पाच आठवडे झालेले असतात. दुसरं म्हणजे कधी कधी गर्भ पिशवीत नसून नळीत असतो. तिथं या गोळ्यांचा उपयोग होत नाही आणि नळी फुटली तर जीव जातो. तिसरं, अंगात रक्त कमी असलेल्या बाईला हा रक्तस्राव झेपेलच असं नाही. आणि चौथं, मेडिकलवाला गोळी देईल, पण रात्री दोन वाजता तो तुमच्या दारात येणार नाही.

पपई, तीळगूळ, गरम काढे यांनी गर्भ पडत नाही, दिवस तेवढे पुढं जातात. आणि अंगात काडी किंवा औषधाची मुळी घालणं म्हणजे पिशवीला भोक आणि पू होण्याला आमंत्रण. आजही कुणी असं सांगत असेल तर तिथून पळ काढा.

गोळ्या घेतल्यावर किंवा पिशवी साफ केल्यावर पुढचं काही दिसलं तर वाट बघू नका. तासाला दोन पॅड पूर्ण भिजणं आणि असं सलग दोन तास होणं. एक दिवसाहून जास्त अंगात ताप. न थांबणारं पोटदुखणं, चक्कर. घाण वासाचा स्राव. किंवा गोळ्या घेऊनही रक्तस्राव अजिबात न होणं. १०८ ला फोन करा आणि दवाखान्यात काय घेतलंय ते खरं सांगा. घरातल्यांना काय सांगायचं ते नंतर बघता येईल, पण डॉक्टरपासून लपवू नका.

वेळ हातातून घालवू नका

बेळगावच्या सविता हलप्पनवारची आठवण इथं करायलाच हवी. दातांची डॉक्टर असलेली ही आपल्या शेजारची लेक लग्नानंतर आयर्लंडमध्ये होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये, १७ आठवड्यांची गरोदर असताना तिला त्रास सुरू झाला. बाळ वाचणार नाही हे डॉक्टरांना कळत होतं. तिनं गर्भपाताची विनंती केली. पण बाळाच्या हृदयाचे ठोके आहेत म्हणून ती नाकारली गेली. जंतुसंसर्ग अंगभर पसरला आणि २८ ऑक्टोबरला, अवघ्या ३१ व्या वर्षी ती गेली. तिथले लोक रस्त्यावर उतरले, २५ मे २०१८ ला मतदान झालं आणि त्यांनी आपली राज्यघटना बदलून घेतली. शिकलेली, इतक्या मोठ्या रुग्णालयात असलेली बाई, पण तिथं कायदा आडवा आला. आपल्याकडं तर कायदा पन्नास वर्षांहून जुना आहे. तो घरातल्या बाईपर्यंत पोचलेला नाही, एवढीच आपली रड.

म्हणून पाळी चुकली की पंधरा दिवस देवाला साकडं घालत बसू नका. मेडिकलमध्ये तपासणीचं किट मिळतं, खेड्यात आशाताईंकडं मिळतं. सकाळच्या लघवीवर दोन थेंबांत कळतं. ठेवायचं असेल तर आनंदानं लगेच नाव नोंदवा. ठेवायचं नसेल तर त्याच आठवड्यात चांगल्या डॉक्टरांकडं जा. जितकं लवकर, तितकं सोपं, स्वस्त आणि सुरक्षित. मान्यता कुणाला आहे याबद्दल शंका असेल तर महापालिकेच्या आरोग्य विभागात किंवा कोल्हापूरला जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात विचारता येतं. घरातून बळजबरी होत असेल, ‘मुलगी आहे, पाड’ म्हणून किंवा ‘मुलगा होईपर्यंत थांबायचं नाही’ म्हणून, तर १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे.

ठेवायचं की नाही हे मी सांगणार नाही. ज्या बाईच्या पोटात आहे, तिला तिचं घर, तिची तब्येत आणि तिची लेकरं माझ्यापेक्षा जास्त कळतात. माझं मागणं एवढंच. पुढच्या हळदीकुंकवाला, भिशीला किंवा गटाच्या बैठकीला हा विषय पाच मिनिटं तरी काढा. फॉर्म बी म्हणजे काय, सही कुणाची लागते, आठवडे कसे मोजायचे, एवढं जरी चारचौघींना सांगितलंत, तरी त्यातली एखादी चुकीच्या दारात जायची वाचेल. ती कोण हे तुम्हाला कळणारही नाही. कळायला पाहिजेच असंही नाही.